गुरुत्वीय लहरींची नोंद संगणकावर कशी तपासली जाते?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटे ४५ सेकंदांनी अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या दोन्ही केंद्रांवर एका अतिशय क्षीण संकेताची नोंद झाली. हा संकेत प्रथम लुइझियाना राज्यातील लिव्हिंग्स्टन येथे आणि त्यानंतर सुमारे ७ मिलिसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे पोहोचला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची ती खूण होती. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी या शोधाची अधिकृत घोषणा करण्यात आली आणि २०१७ मध्ये रायनर वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रदान करण्यात आले.

घोषणेच्या दिवशीच त्या क्षणाच्या आसपासची मूळ आकडेवारी, म्हणजेच विदा, इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुली करण्यात आली. तिच्या विश्लेषणासाठी लागणारी पायथन ही संगणकभाषा आणि तिच्यावर आधारित बहुतेक साधनेही विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यामुळे नोबेल पारितोषिक मिळवून देणारा हा शोध खरा आहे किंवा नाही, हे महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही साध्या संगणकावर तपासून पाहता येते. मात्र, अशी तपासणी करताना कोणत्या ठिकाणी चूक होण्याचा संभव असतो आणि त्या चुकीचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हेही याच शोधाच्या इतिहासातून स्पष्ट झाले आहे. महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यात येत असल्याने या प्रक्रियेची माहिती मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरते.

नोंद नेमकी कशाची?

लायगोच्या प्रत्येक केंद्रात परस्परांना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आहेत. गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून जाताना एक भुजा किंचित लांबते आणि दुसरी किंचित आखूड होते. लेसर किरणांच्या साहाय्याने हा फरक मोजला जातो. २०१५ च्या संकेतात हा फरक, अगदी उच्चतम क्षणी, भुजेच्या लांबीच्या दहाचा उणे एकविसावा घात एवढाच होता. ४ किलोमीटर लांबीच्या भुजेत हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा भरतो.

वेधशाळेत ही मोजणी दर सेकंदाला १६,३८४ वेळा होते. सर्वसामान्य वापरासाठी दर सेकंदाला ४,०९६ आकडे असलेली आवृत्तीही देण्यात येते. म्हणजेच ३२ सेकंदांच्या फाइलमध्ये १,३१,०७२ आणि ४,०९६ सेकंदांच्या फाइलमध्ये १,६७,७७,२१६ आकडे असतात. पहिली फाइल साधारण १ मेगाबाइटची असून ती कोणत्याही संगणकावर सहज उघडता येते. या आकड्यांचा आलेख जसाच्या तसा काढला, तर त्यात कृष्णविवरांची कोणतीही खूण दिसत नाही. दिसते ती केवळ एक मोठी, संथ वरखाली होणारी रेषा. जमिनीची कंपने, उपकरणांची उष्णता आणि विजेच्या तारा यांच्या गोंगाटाखाली संकेत दबलेला असतो. तो बाहेर काढणे हेच विश्लेषणाचे काम होय.

पूर्वतयारी : स्वतंत्र कार्यकक्ष

पायथन ही भाषा नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रॉसम यांनी तयार केली आणि १९९१ मध्ये ती प्रथम प्रसृत झाली. वैज्ञानिक गणनेसाठी तिच्यासोबत काही लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचे संच, वापरले जातात. आकड्यांच्या मोठ्या रांगा हाताळण्यासाठी नमपाय, गणिती क्रियांसाठी सायपाय, आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब आणि गुरुत्वीय लहरींच्या विदेसाठी जीडब्ल्यूपाय व पायसीबीसी हे संच प्रचलित आहेत. जुपिटर या साधनामुळे आज्ञा, तिचे उत्तर आणि आलेख एकाच पानावर एकाखाली एक ठेवता येतात.

काम सुरू करण्यापूर्वी त्या कामापुरता स्वतंत्र कार्यकक्ष संगणकावर तयार करावा, असा संकेत आहे. कोंडा किंवा व्हेनव्ह या साधनांनी तो तयार होतो. प्रत्येक लायब्ररीच्या आवृत्त्या वेळोवेळी बदलतात आणि एका कामासाठी केलेला बदल दुसऱ्या कामात बाधा आणतो. स्वतंत्र कक्षामुळे हा प्रश्न उरत नाही. कक्षात बसविलेल्या प्रत्येक लायब्ररीचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक एका मजकूर फाइलमध्ये नोंदवून ती विश्लेषणासोबत जपून ठेवली जाते. पुढे दुसऱ्या व्यक्तीला हेच काम दुसऱ्या संगणकावर करायचे झाल्यास त्या यादीवरून हुबेहूब तसाच कक्ष उभा करता येतो.

ही दक्षता किती आवश्यक आहे, याचे उदाहरण पायथनच्याच इतिहासात आहे. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत ७ या पूर्णांकाला २ ने भागल्यास उत्तर ३ येत असे. तिसऱ्या आवृत्तीत ते ३.५ येते. दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० पासून बंद करण्यात आला. जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीत चालविताना ती बंद पडली, तर चूक तत्काळ लक्षात येते. परंतु, ती न अडखळता चालली आणि केवळ भागाकाराचे उत्तर बदलले, तर अंतिम निष्कर्षच बदलू शकतो. अशा मूक चुका सर्वाधिक घातक मानल्या जातात.

वेळेचा हिशेब

विदा उतरवून घेताना पहिला प्रश्न वेळेचा येतो. लायगोच्या फाइलींना घड्याळातील वेळ नव्हे, तर जीपीएस कालगणनेतील सेकंदांचा आकडा दिलेला असतो. ही गणना ६ जानेवारी १९८० पासून सुरू होते आणि तिच्यात लीप सेकंद मिळविले जात नाहीत. नागरी वेळेत मात्र ते अधूनमधून मिळविण्यात आले. परिणामी, सप्टेंबर २०१५ मध्ये या दोन गणनांत १७ सेकंदांचा फरक होता.

पहिल्या संकेताचा जीपीएस क्षण १,१२,६२,५९,४६२ हा आहे. ३२ सेकंदांची फाइल १,१२,६२,५९,४४६ या क्षणापासून सुरू होते. म्हणजेच संकेत फाइलच्या बरोबर मध्यावर येतो. एखाद्याने तारखेवरून सेकंदांचा हिशेब स्वतः केला आणि लीप सेकंद विचारात घेतले नाहीत, तर त्याचे उत्तर १७ सेकंदांनी चुकेल आणि तो क्षण फाइल सुरू होण्याच्याही आधीचा निघेल. अशा व्यक्तीला फाइलमध्ये संकेतच नाही, असा समज होणे शक्य आहे. यासाठी वेळेचे रूपांतर हाताने न करता जीडब्ल्यूपाय किंवा ॲस्ट्रोपाय यांतील तयार साधनांनी करणे इष्ट ठरते.

रिकाम्या जागा आणि खोटे धक्के

वेधशाळा अखंड चालत नाही. भूकंपाचे हादरे, सोसाट्याचा वारा किंवा दुरुस्तीची कामे यांमुळे उपकरणाचा समतोल बिघडतो आणि तेवढ्या काळाची नोंद होत नाही. अशा ठिकाणी फाइलमध्ये आकड्याऐवजी 'संख्या नाही' अशी खूण असते. या खुणेची एकही जागा गणितात शिरली, तर पुढच्या टप्प्यावरील फोरिए रूपांतराची सर्व उत्तरे 'संख्या नाही' अशीच येतात. म्हणून फाइलसोबत प्रत्येक सेकंदाच्या गुणवत्तेची सारणी दिलेली असते. ती आधी वाचून केवळ निर्दोष काळाचे तुकडे निवडणे हा कामाचा अनिवार्य भाग आहे.

याशिवाय उपकरणात क्षणिक धक्के बसतात. त्यांना ग्लिच असे म्हटले जाते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचा संकेत आला, तेव्हा लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत विलीनीकरणापूर्वी सुमारे १.१ सेकंद असा एक मोठा ग्लिच आला होता. त्यामुळे स्वयंचलित प्रणालीने प्रारंभी केवळ हॅनफर्डच्या नोंदीवरून इशारा दिला. शास्त्रज्ञांनी नोंद प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा लिव्हिंग्स्टनमध्येही तोच संकेत स्पष्ट असल्याचे आढळले. संगणकाने गाळलेल्या गोष्टींवरही माणसाची नजर असावी लागते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

खिडकीची आवश्यकता

यानंतर विदेचे फोरिए रूपांतर केले जाते. वेळेनुसार बदलणारी नोंद कोणकोणत्या वारंवारतांची मिळून बनली आहे, हे या रूपांतरातून कळते. संगणकावरील हे गणित मात्र एक गोष्ट गृहीत धरते. घेतलेला तुकडा संपला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, असे ते मानते. प्रत्यक्षात तुकड्याचा शेवट आणि त्याचा आरंभ जुळत नाहीत. तेथे एक कृत्रिम पायरी तयार होते आणि कमी वारंवारतेचा प्रबळ गोंगाट सर्व वारंवारतांत पसरतो.

यावर उपाय म्हणून तुकड्याची दोन्ही टोके हळूहळू शून्यापर्यंत उतरवली जातात. या क्रियेस विंडो लावणे, म्हणजेच खिडकी लावणे असे म्हणतात. हान आणि ट्यूकी या नावांच्या खिडक्या सर्वाधिक प्रचलित आहेत. सायपायमध्ये ही क्रिया एका ओळीच्या आज्ञेने होते. ती एक ओळ गाळल्यास आज्ञावली थांबत नाही, कोणतीही सूचना देत नाही आणि आलेखही काढून देते. तो आलेख दिशाभूल करणारा असतो.

गोंगाटाचे मोजमाप

संकेत ओळखण्यासाठी आधी गोंगाटाचे स्वरूप माहीत असावे लागते. त्यासाठी दीर्घ नोंदीचे अनेक तुकडे करून प्रत्येकाचा वर्णपट काढला जातो आणि त्यांची सरासरी घेतली जाते. पीटर वेल्च यांनी १९६७ मध्ये मांडलेली ही पद्धत सायपायमध्ये त्यांच्याच नावाने उपलब्ध आहे. लायगोच्या वर्णपटात काही ठिकाणी उंच, अरुंद सुळके दिसतात. ६० हर्ट्झचा सुळका अमेरिकेतील वीजपुरवठ्याचा असतो, तर ५०० हर्ट्झच्या आसपासचे सुळके आरसे टांगलेल्या काचतंतूंच्या कंपनांचे असतात. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने हिंगोलीच्या नोंदीसाठी अमेरिकेतील आज्ञावली वापरताना असे तपशील बदलावे लागणार आहेत.

या टप्प्यावर संख्यांच्या साठवणुकीचाही प्रश्न उद्भवतो. १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात लायगोच्या गोंगाटाची पातळी साधारण दहाचा उणे तेविसावा घात एवढी असते. तिचा वर्ग केल्यास दहाचा उणे सेहेचाळिसावा घात मिळतो. संगणकातील ३२ बिटांच्या संख्येत एवढी लहान किंमत मावत नाही. ती शून्य होते. पुढे या शून्याने भागाकार झाला, तर संपूर्ण उत्तर निरर्थक ठरते. म्हणून ६४ बिटांच्या संख्या वापरल्या जातात किंवा सर्व विदेला आरंभीच एका मोठ्या स्थिरांकाने गुणले जाते. पायसीबीसीमध्ये दोनाचा एकोणसत्तरावा घात हा असा स्थिरांक वापरला जातो.

साच्यांची जुळणी

आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार दोन कृष्णविवरांच्या वस्तुमानांवरून त्यांच्या लहरींचा आकार आधीच काढता येतो. त्यानुसार अनेक साचे तयार करून प्रत्येक साचा विदेवरून सरकवत नेला जातो. साचा आणि विदा जेथे उत्तम जुळतात, तेथे उत्तराचा आकडा उसळी घेतो. या पद्धतीला मॅच्ड फिल्टरिंग असे म्हणतात. ज्या वारंवारतेवर गोंगाट अधिक, तेथील जुळणीला कमी महत्त्व देण्यात येते.

या पद्धतीच्या विकासात पुण्याचा वाटा मोलाचा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका या संस्थेतील प्रा. संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये एकमेकांभोवती फिरत विलीन होणाऱ्या ताऱ्यांच्या संकेतांसाठी साच्यांची निवड कशी करावी, यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी लायगोची उभारणीही सुरू झालेली नव्हती. पंचवीस वर्षांनंतर जाहीर झालेल्या शोधात हीच विचारपद्धती उपयोगात आली.

२०१५ च्या संकेतासाठी सर्वाधिक जुळणारा साचा सूर्याच्या अनुक्रमे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांचा होता. विलीनीकरणानंतरच्या कृष्णविवराचे वस्तुमान ६२ पट भरले. उरलेले, सूर्याच्या ३ पट वस्तुमान गुरुत्वीय लहरींच्या रूपाने बाहेर पडले. दोन्ही केंद्रांची मिळून संकेत आणि गोंगाट यांची गुणोत्तरी पातळी सुमारे २४ होती. ३२ सेकंदांची फाइल, एक साचा आणि वर सांगितलेले टप्पे एवढ्यावर घरच्या संगणकावर ही उसळी पाहता येते. त्यासाठी काही मिनिटांचा वेळ पुरतो.

एका संगणकावरून अनेक संगणकांवर

संकेत कोठे आहे हे माहीत असताना तो पाहणे आणि तो कोठे आहे हे माहीत नसताना शोधणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या शोधाच्या वेळी सुमारे अडीच लाख साचे वापरण्यात आले आणि दोन्ही केंद्रे एकाच वेळी कार्यरत असलेल्या १६ दिवसांच्या नोंदी तपासण्यात आल्या. या कामाचा आवाका एका साध्या हिशेबाने लक्षात येईल. १६ दिवसांचे १३,८२,४०० सेकंद होतात. समजा, त्यांचे २५६ सेकंदांचे तुकडे केले, तर ते ५,४०० होतील. दोन केंद्रे आणि अडीच लाख साचे धरल्यास २७० कोटी जुळण्या कराव्या लागतील. प्रत्येक जुळणीस एक शतांश सेकंद लागतो असे मानले, तरी एका प्रोसेसरला ३१२ दिवस लागतील. हेच काम १,००० प्रोसेसरांत वाटून दिले, तर ते साडेसात तासांत संपेल.

प्रत्येक जुळणी स्वतंत्र असल्याने अशी वाटणी करणे सोपे जाते. यासाठी संगणकांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, काम पाठविण्यात येते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात विकसित झालेली एचटीकॉन्डर ही प्रणाली हे काम रांगेत लावते, तर पेगॅसस ही प्रणाली कोणत्या कामानंतर कोणते काम करायचे, हा क्रम सांभाळते. पायसीबीसीने या दोन्हींचा उपयोग केला आहे. आयुकामध्येही या कार्यासाठी सारथी नावाचा संगणकसमूह कार्यरत आहे.

काम पाठविताना किती स्मृती, किती प्रोसेसर आणि किती वेळ लागेल, हे एका फाइलमध्ये आधी नमूद करावे लागते. मागणी कमी केल्यास काम मध्येच बंद पाडले जाते आणि जास्त केल्यास ते रांगेत ताटकळत राहते. त्यामुळे आधी एक लहान तुकडा चालवून प्रत्यक्ष गरज मोजावी आणि मगच संपूर्ण काम पाठवावे, हा अनुभवी व्यक्तींचा परिपाठ आहे. दीर्घ कामात ठराविक अंतराने झालेली प्रगती फाइलमध्ये जतन करण्यात येते, जेणेकरून वीज गेल्यास किंवा यंत्र बंद पडल्यास काम पुन्हा प्रारंभापासून करावे लागू नये. प्रत्येक कामाची नोंदवही, म्हणजे लॉग फाइल, ठेवली जाते. हजार कामांपैकी तीन कामे गुपचूप अपयशी ठरली, तर तेवढ्या काळातील संकेत निसटू शकतात. म्हणून सर्व कामे यशस्वी झाल्याची मोजणी केल्याशिवाय पुढील टप्पा हाती घेतला जात नाही.

योगायोग नाही, हे कसे ठरते?

दोन केंद्रांत सुमारे ३,००० किलोमीटर अंतर आहे. गुरुत्वीय लहरी प्रकाशाच्या वेगाने जात असल्याने त्यांना हे अंतर कापण्यास अधिकात अधिक १० मिलिसेकंद लागतात. थोडी मुभा ठेवून १५ मिलिसेकंदांच्या आत दोन्हीकडे आलेल्या उसळ्याच विचारात घेतल्या जातात. परंतु, दोन्हीकडचा गोंगाटही योगायोगाने एकाच वेळी उसळू शकतो.

हा संभव मोजण्यासाठी एका केंद्राची नोंद मुद्दाम पुढेमागे सरकवली जाते. अशा सरकवलेल्या नोंदीत खरा संकेत दोन्हीकडे एकत्र येऊच शकत नाही; जे जुळते ते केवळ योगायोगाने. ०.१ सेकंदाच्या टप्प्यांनी ही क्रिया सुमारे एक कोटी वेळा करून ६,०८,००० वर्षांच्या नोंदीइतकी तुलनेची सामग्री तयार करण्यात आली. तिच्यात २०१५ च्या संकेताएवढी प्रबळ घटना एकदाही आढळली नाही. त्यावरून अशी घटना योगायोगाने घडण्याचे प्रमाण २,०३,००० वर्षांतून एकदा याहूनही कमी असल्याचे जाहीर करण्यात आले.

प्रणाली खरोखर संकेत ओळखते का, याची परीक्षाही घेतली जाते. त्यासाठी विदेत कृत्रिम संकेत मिसळले जातात. १६ सप्टेंबर २०१० रोजी लायगोच्या उपकरणांतच असा एक संकेत गुप्तपणे सोडण्यात आला होता. शास्त्रज्ञांनी तो खरा आहे किंवा नाही हे माहीत नसताना अनेक महिने त्याचे विश्लेषण केले आणि शोधनिबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये बंद पाकीट उघडण्यात आले, तेव्हा तो कृत्रिम असल्याचे स्पष्ट झाले. या कठोर तालमीमुळेच २०१५ मध्ये शास्त्रज्ञांना आत्मविश्वासाने निष्कर्ष काढता आला.

कोपनहेगनचा आक्षेप

जून २०१७ मध्ये कोपनहेगन येथील नील्स बोर संस्थेतील एका गटाने या शोधाविषयी शंका उपस्थित केली. या गटाने लायगोची खुली विदा उतरवून घेऊन स्वतंत्र विश्लेषण केले होते. संकेत वजा केल्यानंतर उरलेला गोंगाट दोन्ही केंद्रांत परस्परसंबंधित दिसतो आणि त्यातही तोच ७ मिलिसेकंदांचा फरक आढळतो, असा त्यांचा दावा होता. ऑगस्ट २०१७ मध्ये हा निबंध जर्नल ऑफ कॉस्मॉलॉजी अँड ॲस्ट्रोपार्टिकल फिजिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन केंद्रांचा गोंगाट परस्परांपासून स्वतंत्र असतो, हे गृहीत वर सांगितलेल्या योगायोगाच्या हिशेबाचा पाया आहे. तो पाया डळमळीत ठरला असता, तर संपूर्ण शोधच धोक्यात आला असता.

लायगोशी संबंधित शास्त्रज्ञ इयन हॅरी यांनी त्याच महिन्यात सविस्तर उत्तर दिले आणि आपली पायथन आज्ञावलीही सर्वांसाठी खुली केली. वर्णपटात दिसणारा संबंध मुख्यत्वे खिडकी न लावता केलेल्या फोरिए रूपांतरामुळे उद्भवतो, हे त्यांनी दाखवून दिले. टोके नीट उतरवल्यावर तो संबंध नाहीसा होत होता. कोपनहेगनच्या गटाचे यामुळे समाधान झाले नाही आणि वाद पुढेही सुरू राहिला. त्यानंतर ॲलेक्स नीलसेन, अलेक्झांडर निट्झ, कॉलिन कपानो व डंकन ब्राऊन यांनी उरलेल्या गोंगाटाची नव्याने तपासणी केली. सर्वाधिक जुळणारा साचा वजा केल्यास दोन केंद्रांच्या गोंगाटात अर्थपूर्ण संबंध राहत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शोधाच्या मूळ निबंधातील आलेख समजण्यासाठी दिलेला होता. त्यातील आकड्यांवरून असे सूक्ष्म गणित करणे योग्य नव्हते, हेही या चर्चेतून पुढे आले. या चौघांनीही आपल्या निबंधासोबत संपूर्ण आज्ञावली उपलब्ध करून दिली.

विदा खुली नसती, तर हा आक्षेप घेताच आला नसता. आणि आज्ञावली खुली नसती, तर त्याचे निराकरण केवळ शास्त्रज्ञांच्या शब्दावर विश्वास ठेवून करावे लागले असते. कोणत्या ओळीमुळे उत्तर बदलते, हे कोणालाही स्वतः पडताळता आले, हे या वादाचे वैशिष्ट्य होय. लायगोसारख्या मोठ्या संस्थेलाही आपले आलेख कशासाठी आहेत, हे अधिक स्पष्टपणे सांगण्याची आवश्यकता यातून अधोरेखित झाली.

हिंगोलीच्या संदर्भात

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये लायगो-इंडिया प्रकल्पाला २,६०० कोटी रुपये खर्चाची मंजुरी दिली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात ही वेधशाळा उभारण्यात येत असून तिच्या भुजाही ४ किलोमीटर लांबीच्या असतील. अमेरिकेतील केंद्रांपासून दूरवर असलेल्या या वेधशाळेमुळे लहरी आकाशाच्या कोणत्या भागातून आल्या, हे अधिक अचूकपणे ठरविता येईल, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

वेधशाळेसाठी आरसे, लेसर आणि निर्वात नळ्या यांच्याइतकीच विदेचे विश्लेषण करणाऱ्या मनुष्यबळाची आवश्यकता असते. त्यासाठीची पूर्वतयारी वेधशाळा पूर्ण होण्याची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे. गुरुत्वीय लहरींच्या खुल्या विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर सर्व प्रमुख संकेतांची विदा आणि पायथनमधील पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. हे पाठ गुगल कोलॅबसारख्या सुविधेद्वारे थेट ब्राउझरमध्येही चालतात. त्यासाठी संगणकावर काहीही बसवावे लागत नाही.

नव्याने आरंभ करणाऱ्यांनी प्रथम २०१५ च्या संकेताची ३२ सेकंदांची फाइल घ्यावी, गुणवत्तेची सारणी वाचावी, वर्णपट काढावा आणि एका साच्याची जुळणी करून पाहावी, असा क्रम उपयुक्त ठरतो. त्यानंतर तेच गणित खिडकी न लावता पुन्हा करावे आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहावेत. कोपनहेगनच्या वादाचा गाभा त्या दोन आलेखांतील फरकावरून लक्षात येतो. कक्षातील लायब्ररींची यादी, वापरलेल्या फाइलींची नावे आणि संपूर्ण आज्ञावली एकत्र जतन केल्यास दुसऱ्या कोणालाही तेच उत्तर मिळते किंवा नाही, हे तपासता येते. तसे उत्तर मिळाले, तरच ते विश्लेषण पूर्ण झाले असे मानले जाते.